काटा खरं बोलतोय ना?

भाजी घेताना तुमची नजर कुठे असते हो? भाजीवर कमी आणि काट्यावर जास्त! काटा मारणारा भाजीवाला आपण चार दिवसांत ओळखतो आणि त्याच्याकडे जायचं बंद करतो. पूर्वी तराजूला पासंग असायचा, आता इलेक्ट्रॉनिक काटा आला, पण आपला संशय काही कमी झाला नाही. पिशवी ठेवायच्या आधी तिथे शून्य आहे ना, हे बघितल्याशिवाय जाणती बाई पुढचं बोलतच नाही.

पण हीच आपण घरात शिरलो की किती भोळ्या होतो बघा! कुकर, इस्त्री, फ्रीज, गीझर, तापाचा थर्मामीटर, गॅसचा रेग्युलेटर. यातली प्रत्येक वस्तू काही ना काही मोजत असते किंवा आवरत असते. सिलिंडरमध्ये गॅस चांगलाच दाबून भरलेला असतो. तो शेगडीपर्यंत पोचताना रेग्युलेटर त्याचा दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ३० ग्रॅमवर आणून ठेवतो. कुकरची शिटी साधारण एक किलोचा दाब झाला की उचलली जाते, म्हणून आत पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास तापतं आणि डाळ शिजते. हे सगळं बरोबर चाललंय का, असं आपण कधी कुणाला विचारत नाही. शिटी वाजली, झालं.

आता असं समजा, की एक भलामोठा कारखाना आहे आणि त्यात असे शेकडो, मोठ्या कारखान्यांत तर हजारो काटे आहेत. कुठे दाब, कुठे तापमान, कुठे टाकीतली पातळी, कुठे नळातून वाहणारं रसायन. आणि कंट्रोल रूममध्ये बसलेला माणूस प्रत्यक्ष काहीच बघत नाही. त्याला दिसतात ते फक्त पडद्यावरचे आकडे. हे आकडे काटा मारत नाहीत ना, हे बघायचं ज्याचं काम, त्याला म्हणतात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. आमचे हे गेली अठरा वर्षं रोह्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत हे काम करतात.

या कामाला आपल्याकडे धड नावसुद्धा नाही. सासूबाई शेजारणींना सांगतात, "कंपनीत मीटर बघतो," आणि ऐकणारीला वाटतं विजेचं मीटर. माझ्या माहेरी पहिली दोन वर्षं सगळ्यांची समजूत होती, की जावई हार्मोनियम-तबला दुरुस्त करतात! मी स्वतः इतिहास घेऊन बी.ए. झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवते. तेव्हा पुढे शास्त्रातलं जे लिहिलंय, ते यांच्याकडून तपासून घेतलंय एवढं आधीच सांगते.

दूध तापवण्यावरून हे काम मला पहिल्यांदा समजलं. आपण दुधापाशी उभ्या असतो. डोळे सायीवर, डोकं म्हणतं 'आता वर येतंय', आणि हात गॅस बारीक करतो. कारखान्यातही तेच तिघं असतात. डोळा म्हणजे ट्रान्समीटर, डोकं म्हणजे कंट्रोलर, हात म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्ह. या तिघांच्या साखळीला ते लूप म्हणतात. यात डोकं कितीही हुशार असो, डोळ्याला चुकीचं दिसलं तर दूध उतू जाणारच. आणि तिथे उतू जातं ते दूध नसतं.

म्हणून डोळा तपासत राहायचा. याला कॅलिब्रेशन म्हणतात. समजा, दाब मोजणारा ट्रान्समीटर आहे. त्याला ठाऊक असलेला दाब द्यायचा, आधी शून्य, मग पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण, आणि प्रत्येक वेळी तो काय सांगतो ते लिहायचं. मग त्याच पायऱ्यांनी खाली यायचं. चढताना एक आणि उतरताना भलतंच सांगणारा काटा बाजूला काढायचा. ट्रान्समीटर आपलं म्हणणं बारीकशा विजेच्या प्रवाहाने कळवतो, ४ ते २० मिलिअँपिअर. शून्य दाबाला ४ आणि पूर्ण दाबाला २०. मला पहिल्यांदा हे विचित्रच वाटलं होतं. शून्याला सरळ शून्य का नाही? तर त्यातली मेख अशी, की तार तुटली तर प्रवाह खरोखरच शून्य होतो. म्हणजे 'दाब नाही' आणि 'मी मेलोय' हे दोन निरोप वेगळे पोचतात. शाळेत नाही का आपण करत? पेपरात शून्य मिळालेल्या मुलापुढे शून्य लिहितो आणि आलाच नाही त्याच्यापुढे गैरहजर!

पण ज्या काट्याने तपासायचं तो तरी खरा कशावरून? तर त्याला त्याच्याहून अचूक काट्याशी लावून बघतात, त्याला प्रयोगशाळेतल्या आणखी अचूक काट्याशी, आणि असं करत करत ही वंशावळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाते. आपल्या देशाचा किलो, पॅरिसजवळच्या मूळ किलोची ५७ क्रमांकाची प्रत, तिथे ठेवलेली आहे. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या धातूच्या तुकड्याऐवजी निसर्गातल्या एका स्थिरांकावर बेतली, हा भाग वेगळा. बाजारातल्या काट्याचीही अशीच वंशावळ असते बरं का. दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्याची वैधमापन खात्याकडून दरवर्षी पडताळणी व्हावी लागते आणि त्याचं प्रमाणपत्र गिऱ्हाइकाला दिसेल असं लावावं लागतं. पुढच्या वेळी वाण्याच्या दुकानात मान वर करून बघा.

इथवर जे सांगितलं ते कुणी हुशार मुलगा दोन-तीन वर्षांत शिकतो. मग अठरा वर्षांत माणूस काय शिकतो? मला विचाराल तर, कुठल्या आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही ते.

एकदा जानेवारीत यांची रात्रपाळी होती. कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर खुशीत होता. एका भांड्याचा दाब जवळजवळ पाऊण तास अगदी सरळ रेघेत चालला होता, इतका स्थिर की बघत राहावं. हे चहा प्यायला म्हणून तिथे गेले आणि ती रेघ बघून यांचा चहा तसाच राहिला. कारण जिवंत माणसाची नाडी सरळ रेघ देत नाही, तसा चालत्या भांड्याचा दाबही देत नाही. तो जरा वर, जरा खाली होतच असतो. यांनी परमिट घेतलं, शिडी चढून वर गेले. भांड्यापासून ट्रान्समीटरपर्यंत जी बोटाएवढी नळी जाते, तिच्यात रसायन थिजून बसलं होतं. थंडीत बाटलीतलं खोबरेल थिजतं ना, अगदी तसं. ते थिजू नये म्हणून नळीलगत वाफेची बारीक नळी फिरवलेली असते, तिची वाफ कुठेतरी अडली होती. नळीच्या आत पाऊण तासापूर्वीचा दाब कोंडून राहिला होता आणि ट्रान्समीटर बिचारा तोच इमानेइतबारे सांगत होता. नळी मोकळी केल्यावर पडद्यावरचा आकडा एकदम वर गेला. फार नाही, पण वर जाण्याच्या दिशेनेच होता. नवीन पोराने ती रेघ बघून कौतुक केलं असतं, त्यात त्याचा काय दोष? उपकरण बिघडलेलं नव्हतंच. गजर वाजला नव्हता. पुस्तकाप्रमाणे सगळं ठीक होतं.

भोपाळचं नाव काढलं की आपल्याला वायू आठवतो, मिटलेल्या डोळ्यांची मुलं आठवतात. मला हल्ली तिथला काटा आठवतो. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री ६१० क्रमांकाच्या टाकीचा दाब साडेदहाच्या सुमारास २ पौंड होता, अकराला १० झाला. नुकतीच पाळी बदलली होती, आणि १० हा आकडा नेहमीच्या मर्यादेतला, म्हणून कुणाला खटकला नाही. तिथली मीटर बिघडलेलीच असतात, त्यांचं काय मनावर घ्यायचं, अशी सवयच लागून गेली होती, असं नंतर कामगारांनी वार्ताहरांना सांगितलं. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या वर्षी जूनपासून बंद होती. मध्यरात्रीनंतर काटा ५५ च्या शेवटच्या खुणेला जाऊन टेकला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. हजारो माणसं गेली.

याच्या अगदी उलट अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात झालं, २३ मार्च २००५ ला. एका उंच मनोऱ्यात पेट्रोलच्या जातीचं तेल भरत होतं. पातळी मोजणारा ट्रान्समीटर फक्त तळाच्या सुमारे दहा फुटांपुरता होता आणि त्याचं कॅलिब्रेशन चुकलेलं होतं. मनोऱ्यात तेल १५८ फुटांपर्यंत चढलं, तरी पडद्यावर पातळी हळूहळू उतरताना दिसत होती. जास्त पातळीचा वेगळा गजर होता, तो वाजला नाही. डोळ्यांनी पातळी बघायची काच इतकी मळलेली, की काही दिसत नव्हतं. तेल उतू गेलं, पेटलं, १५ माणसं मेली आणि १८० जखमी झाली.

एका ठिकाणी काटा खरं सांगत होता आणि त्याचं कुणी ऐकलं नाही. दुसऱ्या ठिकाणी तो खोटं सांगत होता आणि सगळ्यांनी ऐकलं. आमच्याकडे रात्री जेवताना कधीकधी हा विषय निघतो. हे म्हणतात, की काटे वारंवार खोटं बोलायला लागले की आधी माणसांचा त्यांच्यावरचा विश्वास जातो, आणि तो दुरुस्त करायला कुठलंच अवजार नसतं. म्हणून दोन टक्क्यांच्या फरकासाठीही शिडी चढायची. फार महत्त्वाच्या जागी तर एकाऐवजी तीन ट्रान्समीटर लावतात आणि तिघांतल्या दोघांचं जुळेल ते खरं धरतात, पंचांसारखं.

आता जरा अवघड गोष्ट सांगते. धोका दिसला की कारखान्याचा तो भाग आपोआप बंद व्हावा अशी सोय असते, तिला इंटरलॉक म्हणतात. तो बसला की उत्पादन थांबतं, मालाचा घाण होतो, वरच्यांचे फोन सुरू होतात. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री तापमानाचा इंटरलॉक तीन वेळा बसला. तापमान तर वाढलेलं दिसत नव्हतं. पाळीच्या साहेबांनी यांना सांगितलं, "बायपास करा, सकाळी बघू." यांनी सांगितलं, "लेखी द्या. किती वेळासाठी ते लिहा, सही करा, आणि तेवढा वेळ भांड्याजवळच्या काट्यापाशी एक माणूस उभा करा." साहेब चिडले. माणूस नव्हता आणि सही द्यायची नव्हती. यांनी बायपास केलं नाही. उत्पादन चार तास बंद राहिलं. शेवटी सापडलं काय, तर एका जंक्शन बॉक्समध्ये पावसाचं पाणी शिरलं होतं आणि एक स्क्रू सैल होता. तापमान रात्रभर अगदी ठीक होतं.

म्हणजे बायपास केलं असतं तरी त्या रात्री काहीही झालं नसतं! गोष्टीत असतं तसं इथे यांचं म्हणणं खरं ठरलं नाही. ते पगारवाढीचं वर्ष होतं. यांच्या वाट्याला काय आलं ते लिहीत नाही, पण घराला रंग काढायचा ठरला होता तो पुढे दोन दिवाळ्या राहिला. मी यांना तेव्हा एकदाच विचारलं, "पुन्हा तसंच करणार?" हे म्हणाले, "त्या रात्री मला तरी कुठे माहीत होतं, की नुसता स्क्रू आहे?" मला वाटतं, याला उत्तर नाही. साहेबांकडेही नसावं.

आणि आपण साहेबांना नावं ठेवायला जाऊ नये. घरोघरी बायपास चालतात. गीझर सारखा बंद पडतो म्हणून वायरमनने थर्मोस्टॅट 'डायरेक्ट' करून दिला, हे तुम्ही ऐकलं असेलच. अहो, तो बंद पडत होता तो पाणी उकळू नये म्हणून! एका ओळखीच्या घरी तर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह वरचेवर जातो म्हणून तिथे एम-सील चोपडलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. कुकरमधलं पाणी आटलं किंवा शिटीखालची नळी चोंदली, तर त्या व्हॉल्व्हमधला धातू वितळून वाफेला वाट देतो. तो पुन्हा पुन्हा जातोय म्हणजे नळीत डाळीचा कण अडकलाय, किंवा आपण पाणी कमी घालतोय, किंवा भांडं गळ्यापर्यंत भरतोय. कुकर लावायच्या आधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसतंय का बघा. व्हॉल्व्ह बदलायचा तो त्याच कंपनीचा आणा. बाकी काही त्या भोकात घालू नका.

अशा माणसाबरोबर संसार कसा असतो म्हणाल, तर थोडा त्रासाचा! तापाचा थर्मामीटर मुलाच्या काखेत जायच्या आधी यांच्या काखेत जातो. मुलगा तापाने फणफणलेला आणि हे स्वतःचा ताप बघतायत, असं दृश्य आमच्याकडे नेहमीचं. घड्याळ, वजनकाटा, मिक्सर, कुणावरच यांचा एकदम विश्वास नाही. रात्री-अपरात्री फोन येतो आणि फोनवर हे विचारतात ते तीनच प्रश्न, काय दाखवतंय, कधीपासून, आणि आधी तिथे कुणी हात लावला होता का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नेहमी 'नाही' असं येतं, आणि ते यांना कधी खरं वाटत नाही. काही वेळा एवढ्यावरच फोनवर निदान होतं, काही वेळा मोटारसायकल काढावी लागते. ज्या दिवशी कारखान्यात काहीच घडत नाही, तो यांच्या मते चांगल्या कामाचा दिवस. पण काहीच न घडल्याचं बक्षीस कोण देणार?

आमच्या भागातले यांच्या वयाचे कितीतरी जण आखातात गेले. शटडाऊनच्या कामाला महिना-दीड महिना जायचं आणि इथल्या कित्येक महिन्यांचा पगार घेऊन यायचं. यांनाही विचारणा झाली होती. इथे मात्र जुना माणूस निवृत्त झाला, की त्याच्या जागी ठेकेदाराचा माणूस येतो, अकरा महिन्यांसाठी. तो मुलगा हुशार नसतो असं नाही, पण थंडीत कुठली नळी थिजते हे त्याला कळेपर्यंत त्याचे अकरा महिने भरतात. हे मला फार खुळेपणाचं वाटतं. आपण स्वयंपाकाची बाईसुद्धा बदलताना आधी चार दिवस जुनीबरोबर उभी करतो.

आता मुलींबद्दल. माझ्या वर्गातल्या एका मुलीला पुढे हेच शिकायचंय. आई म्हणते, "मुलीच्या जातीला शिडीवर चढायचं काम?" मी त्यांना म्हटलं, दूध उतू जाऊ न देता चार कामं करणाऱ्या बाईला हे काम जड जायचं नाही. यात बळापेक्षा बारीक हात, टिपण ठेवायची सवय आणि संशयी स्वभाव लागतो, आणि तिसऱ्या गोष्टीत आपण कुणाला हार जाणार? एक अडचण खरी होती. १९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणे संध्याकाळी ७ ते सकाळी ६ बायकांना कारखान्यात काम करायला मनाई होती, आणि या धंद्यात रात्रपाळी न करणारा माणूस कच्चाच राहतो. महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीने ती मनाई उठली, पण सुरक्षितता आणि जाण्यायेण्याची सोय मालकाने करायची या अटीवर. म्हणून नोकरीच्या वेळी बसबद्दल आणि रात्री सोबत आणखी किती बायका असतात याबद्दल स्पष्ट विचारा, भीड धरू नका.

ज्यांच्या घरी दहावीची मुलं आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती. विज्ञान आणि गणित घेऊन दहावी झाल्यावर आय.टी.आय.त 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक' हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. रासायनिक कारखान्यांसाठी 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, केमिकल प्लँट' असा निराळाही आहे. सगळ्याच आय.टी.आय.त हे विषय नसतात, तेव्हा जवळ कुठे आहे ते आधी विचारा. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता येते, आणि ती शक्यतो जुन्या माणसाच्या हाताखाली मिळेल अशी बघावी. पॉलिटेक्निकमधला तीन वर्षांचा डिप्लोमा हा दुसरा रस्ता. आणि अर्ज भरायच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंग ओळखण्याची तपासणी करून घ्या. एकेका पेटीत रंगीबेरंगी तारांचा गुंता असतो, लाल आणि हिरवा एकच दिसणाऱ्याला त्यात काम करता येत नाही, आणि हे दोष मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळच जास्त आढळतात.